शांततेला बिट कमी लागतात

ब्लू-रे प्लेअरच्या रिमोटवरचं डिस्प्ले बटण दाबलं, की बऱ्याच प्लेअरवर पडद्याच्या कडेला दोन आकडे दिसू लागतात. एक चित्राचा, दुसरा आवाजाचा. सेकंदाला किती बिट वाचले जात आहेत, याचा तो हिशेब. ज्यांनी हौसेने घरात चांगले स्पीकर बसवले आहेत, त्यांचा डोळा आवाजाच्या आकड्यावर असतो आणि शंकेलाही तिथूनच सुरुवात होते. पात्रं हळू बोलत असतात तेव्हा आकडा दोन मेगाबिटांच्या आसपास घुटमळतो. पाठलाग सुरू झाला की साडेचारवर, पाचवर जातो. क्षणभर सगळं शांत झालं की पुन्हा घसरतो. डबीवर तर ‘लॉसलेस’ असं छापलेलं आहे, म्हणजे स्टुडिओत तयार झाला तसाच आवाज, काहीही न गाळता. मग हा आकडा एका जागी का थांबत नाही? शांत प्रसंगांत आवाजातलं काही कापलं तर जात नाही ना?

काहीही कापलं जात नाही. ही शंका येते ती एमपी३ च्या काळातल्या सवयीमुळे. १२८ किलोबिटांच्या गाण्यापेक्षा ३२० चं गाणं बरं, हे तेव्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडलं आणि मोठा आकडा म्हणजे चांगला आवाज हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं. तिथे ते खरंही होतं. लॉसलेस ट्रॅकला मात्र ते लागू पडत नाही. त्याचा आकडा घरातल्या विजेच्या मीटरसारखा असतो: किती वीज लागली एवढंच मीटर सांगतं, घरात उजेड कसा होता ते त्यावरून कळत नाही.

मुळात न दाबलेला, कच्चा आवाज किती जागा खातो ते आधी पाहायला हवं. चित्रपटाच्या डिजिटल आवाजात दर सेकंदाला ४८,००० वेळा ध्वनिलहरीची उंची मोजली जाते. अशा प्रत्येक मोजणीला सॅम्पल म्हणतात. प्रत्येक सॅम्पल २४ बिटांत लिहिलं, तर एका चॅनेलला सेकंदाला ११,५२,००० बिट लागतात. समोर तीन स्पीकर, मागे किंवा बाजूला दोन आणि एक सबवूफर, असे ५.१ रचनेचे सहा चॅनेल धरले, की हिशेब सेकंदाला ६९,१२,००० बिटांवर जातो, म्हणजे ६.९ मेगाबिट. दोन तासांच्या चित्रपटाचा नुसता आवाज झाला ६.२ गिगाबाइट! साध्या एकपदरी डीव्हीडीची सगळी क्षमताच ४.७ गिगाबाइट. त्यात चित्र कुठे ठेवणार?

म्हणून डीव्हीडीच्या जमान्यात आवाज गाळूनच भरावा लागला. ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या १९९२ च्या चित्रपटातून थिएटरांत आलेली डॉल्बी डिजिटल पद्धत डीव्हीडीवर जास्तीत जास्त ४४८ किलोबिट वापरते, म्हणजे कच्च्या आवाजाच्या पंधराव्या भागाहूनही कमी. मराठी घरांत त्याआधी पोहोचलेल्या व्हीसीडीवर तर दोन चॅनेलच्या आवाजाला अवघे २२४ किलोबिट मिळायचे. या पद्धतींत खर्चाची मर्यादा आधी ठरते. मग त्या मर्यादेत बसेल एवढाच आवाज ठेवायचा आणि मोठ्या आवाजाच्या सावलीत दबून कानाला जाणवणार नाही असं वाटेल ते सोडून द्यायचं. शांत प्रसंग असो की स्फोट, आकडा तोच राहतो. बदलतो तो आवाजाचा अस्सलपणा. गुंतागुंतीच्या प्रसंगात तेवढ्याच बिटांत जास्त कोंबावं लागतं आणि टाळ्यांचा कडकडाट किंवा पावसाची सर किंचित भुरकट होते.

ब्लू-रे २००६ मध्ये बाजारात आली आणि जागेची चणचण सैल झाली. एका तबकडीवर २५ किंवा ५० गिगाबाइट. सुरुवातीच्या काही तबकड्यांवर सोनी आणि डिस्नीने कच्चा आवाज, म्हणजे एलपीसीएम, तसाच भरला. तिथे आकडा स्थिर असतो, १६ बिटांच्या ५.१ ट्रॅकला ४.६ मेगाबिट, पडद्यावर काहीही चाललेलं असो. पण हा मोठाच अपव्यय होता. दुसऱ्या भाषेतला ट्रॅक, दिग्दर्शकाचं भाष्य आणि चांगलं चित्र या सगळ्यांना त्याच तबकडीत जागा हवी होती. त्यामुळे लवकरच दोन लॉसलेस पद्धतींनी मैदान मारलं: डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ.

काहीही न गाळता आवाज लहान कसा होतो, हा या विषयाचा सगळ्यात सुंदर भाग आहे. समजा, एका चॅनेलची लागोपाठची सॅम्पल अशी आहेत: १०००, १०४०, १०७८, १११४, ११४८. लहर चढते आहे, पण बेताने. आता नियम असा करू, की मागच्या दोन आकड्यांत जेवढी वाढ झाली तेवढीच पुढेही होईल असं धरायचं. १००० नंतर १०४० आलं, म्हणजे पुढचं १०८० असणार. प्रत्यक्षात आलं १०७८. अंदाज दोनने चुकला. त्यापुढे १११६ अपेक्षित होतं, आलं १११४. पुन्हा उणे दोन. मग ११५० ऐवजी ११४८, पुन्हा उणे दोन. आता तबकडीवर १०७८, १११४, ११४८ हे आकडे लिहायचं कारणच उरत नाही. पहिले दोन आकडे, अंदाजाचा नियम आणि उरलेला फरक एवढं लिहिलं की पुरे. ११४८ लिहायला चिन्हासकट १२ बिट लागतात, उणे दोन दोन-तीन बिटांत मावतं. घरातला रिसीव्हर तोच नियम वापरून अंदाज करतो, त्यात फरक मिळवतो आणि मूळ आकडा जसाच्या तसा उभा करतो. जवळपास येणारा आकडा इथे चालत नाही. अगदी तोच यावा लागतो, शेवटच्या बिटापर्यंत.

प्रत्यक्षातले नियम याहून हुशार असतात. मागची अनेक सॅम्पल वेगवेगळ्या वजनाने मिळवून ते पुढचा अंदाज बांधतात आणि ही वजनं आवाजाच्या स्वभावानुसार दर काही मिलिसेकंदांनी बदलतात. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत एक भारतीय नाव ठळक आहे. लखनौ विद्यापीठात आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटल १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये गेले आणि मानवी बोलण्याचा असा अंदाज कसा बांधायचा यावर त्यांनी १९६० च्या दशकात मूलभूत काम केलं. जपानमध्ये त्याच सुमाराला इताकुरा आणि साइतो याच दिशेने चालले होते. उरलेले छोटे फरक कमीत कमी बिटांत लिहिण्याची एक नामी युक्ती आली ती अंतराळ संशोधनातून. अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या रॉबर्ट राइस यांनी १९७१ मध्ये यानांकडून येणाऱ्या चित्रांसाठी लहान आकड्याला थोडे आणि मोठ्या आकड्याला जास्त बिट देणारी पद्धत मांडली. आज संगीतप्रेमींच्या संगणकावर असलेल्या फ्लॅक फाइली तीच वापरतात.

हे एकदा ध्यानात आलं, की आकडा का हलतो हे वेगळं सांगावं लागत नाही. अंदाज बरोबर येतो तिथे फरक लहान आणि बिट कमी. अंदाज फसतो तिथे फरक मोठा आणि बिट जास्त. बासरीचा एक लांब सूर बऱ्यापैकी अंदाजात बसतो, कारण त्याची लहर पुन्हा पुन्हा तशीच येते. त्याच पातळीवरचा पावसाचा आवाज बसत नाही. पत्र्यावर पुढचा थेंब कधी आणि कसा पडेल हे मागच्या थेंबांवरून कोणालाच सांगता येत नाही. फुटणारी काच, गर्दीचा कल्लोळ, स्फोटाची गडगड ही सगळी याच जातीची. ‘स्लमडॉग मिलियनेर’साठी रसूल पुकुट्टी यांनी मुंबईच्या रस्त्यांवर, वाहनांच्या आणि माणसांच्या गदारोळात ध्वनिमुद्रण केलं आणि २००९ मध्ये त्यांना सहकाऱ्यांसह ध्वनिमिश्रणाचं ऑस्कर मिळालं. तो गदारोळ कानाला जिवंत वाटतो तो त्यातल्या अनपेक्षितपणामुळे, आणि नेमका तोच अनपेक्षितपणा अंदाज बांधणाऱ्या गणिताला जड जातो.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘अ क्वाएट प्लेस’ हा २०१८ चा चित्रपट ठेवता येईल. आवाज झाला की जीव जातो, अशा जगात राहणाऱ्या कुटुंबाची ती गोष्ट. घरातली मुलगी बहिरी आहे आणि ती भूमिका करणारी मिलिसेंट सिमंड्स ही अभिनेत्रीही ऐकू शकत नाही. तिच्या कानातलं यंत्र बंद असतं तेव्हा काही क्षणी प्रेक्षकाचा साउंडट्रॅकही पूर्ण बंद होतो. घराची कुजबुज नाही, वाऱ्याची सळसळ नाही, काहीच नाही. लागोपाठची सॅम्पल शून्य, शून्य, शून्य. हा चित्रपट तबकडीवर डॉल्बी ट्रूएचडीत, अॅटमॉससह म्हणजे छताकडच्या स्पीकरांसाठीच्या उंचीच्या माहितीसह, आला आहे. निव्वळ शून्यांचा अंदाज कधीच चुकत नाही, त्यामुळे अशा जागी ट्रूएचडीला सांकेतिक माहितीपलीकडे लिहायला फारसं काही नसतं. चित्रपटातला सगळ्यात धाडसी ध्वनिप्रयोग सगळ्यात कमी बिटांत होतो. आकडा मोठा म्हणजे आवाज भारी, या समजुतीला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

दोन पद्धतींच्या आकड्यांची तुलना करताना मात्र सावध राहायला हवं, कारण त्यांची घडणच वेगळी आहे. ट्रूएचडीचं मूळ इंग्लंडमधल्या मेरिडियन कंपनीच्या एमएलपी पद्धतीत आहे. मायकेल गर्झन, पीटर क्रेव्हन आणि बॉब स्टुअर्ट यांनी ती उभी केली आणि आधी ती डीव्हीडी-ऑडिओवर आली. जुन्या रिसीव्हरना ट्रूएचडी समजत नाही, म्हणून ब्लू-रेवर तिच्या जोडीला साध्या डॉल्बी डिजिटलचा ६४० किलोबिटांपर्यंतचा वेगळा ट्रॅक ठेवावा लागतो. डीटीएसने दुसरी वाट धरली. तिथे आधी १.५ मेगाबिटांचा नेहमीचा डीटीएस ट्रॅक गाभा म्हणून असतो आणि त्याच्यात व मूळ आवाजात जेवढा फरक राहिला तो वर जोडलेला असतो. गाभ्याचा दर स्थिर असल्यामुळे डीटीएस-एचडीचा आकडा शांततेतही सहसा दीडच्या खाली उतरत नाही. ‘इंटरस्टेलर’ची ब्लू-रे या पद्धतीत आहे. यानाबाहेरच्या पोकळीत सगळं निःशब्द होतं तेव्हाही गाभ्याचे बिट वाहतच राहतात आणि लंडनच्या टेम्पल चर्चमधला ऑर्गन घुमू लागला की वरचा भाग फुगतो. एकच मास्टर दोन्ही पद्धतींत भरलं, तर दोन वेगळे आकडे दिसतील आणि बाहेर येणारी सॅम्पल मात्र तंतोतंत सारखी असतील.

वरच्या मर्यादाही आहेत. ब्लू-रेवर ट्रूएचडीला १८ आणि डीटीएस-एचडीला २४.५ मेगाबिट. चित्रपटाचे ट्रॅक सहसा त्यांच्या जवळपासही जात नाहीत. आकडा उसळतो तेव्हाही ट्रूएचडीत पुढचं आधीच वाचून साठवून ठेवण्याची सोय असते, त्यामुळे एखादी काच फुटली म्हणून वाचनावर अचानक ताण येत नाही.

आता सगळ्यात फसवा मुद्दा. एकाच चित्रपटाच्या दोन आवृत्त्या असतात. एकीचा आवाज सरासरी दोन मेगाबिट, दुसरीचा चार. ग्राहक साहजिकच चारवाली उचलतो. बरेचदा यातला फरक असतो तो १६ आणि २४ बिटांचा. प्रत्येक बिट आवाजाच्या पल्ल्यात सुमारे ६ डेसिबलची भर घालतो, म्हणजे १६ बिटांना ९६ डेसिबल आणि २४ बिटांना १४४. कागदावर ही झेप मोठी दिसते. पण उत्तमातल्या उत्तम ध्वनिमुद्रण यंत्रांची मजल साधारण २० ते २१ बिटांपर्यंतच जाते. त्याखालच्या बिटांत भरलेली असते ती उपकरणांची स्वतःची बारीक खरखर. त्यात माईकने खोलीतली हवा आणि एसीची घरघर पकडली, की खरखरीचा थर आणखी वर चढतो. आणि खरखर म्हणजे गणिताच्या दृष्टीने शुद्ध अनपेक्षितपणा. तिचा अंदाज बांधता येत नाही. लॉसलेस पद्धतीला काहीही सोडायचा अधिकार नसल्याने ती सगळी खरखर इमानेइतबारे लिहावी लागते. सहा चॅनेलमध्ये खरखरीने भरलेल्या एका बिटाची किंमत सेकंदाला २,८८,००० बिट होते. असे आठ बिट धरले, तर २.३ मेगाबिट. दोन आणि चार मेगाबिटांमधलं अंतर जवळपास एवढंच आहे. २४ बिटांचा ट्रॅक घेऊ नये असं यातून निघत नाही. स्टुडिओत काम २४ बिटांत झालं असेल तर तबकडीवरही तेच मिळावं ही अपेक्षा योग्यच आहे. पण दुप्पट आकडा पाहून दुप्पट आवाज मिळाला असं समजणं चुकीचं आहे.

जुन्या चित्रपटांत हा प्रकार आणखी स्पष्ट होतो. सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधल्या आगीत होरपळल्या. त्यातून जे वाचलं त्याच्या आधारे पुनरुज्जीवन झालं आणि २०१५ मध्ये क्रायटेरियन या प्रकाशकाने तीनही चित्रपट ब्लू-रेवर आणले, न दाबलेल्या मोनो आवाजासह. एका चॅनेलचा २४ बिटांचा कच्चा ट्रॅक म्हणजे स्थिर १.१५ मेगाबिट. रविशंकरांची सतार वाजो की कोणी अबोल बसून राहो, तो हलत नाही. असा ट्रॅक लॉसलेस पद्धतीने दाबला तर मोठी बचत होईल असं वाटतं. पण त्या काळचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीने छापला जाई आणि तिची सळसळ कधीच पूर्ण थांबत नसे. ती सळसळही बिट मागते. एखाद्याने ती जोरकसपणे पुसून टाकली तर आकडा झपकन खाली येईल, आणि सळसळीबरोबर तारांची वरची झिणझिणही गेली असेल तर तो घाटा कायमचा. म्हणजे मोठा आकडा खरखरीचा असू शकतो आणि लहान आकडा अती साफसफाईचा. नुसत्या आकड्यावरून दोन्ही ओळखता येत नाहीत, कानच लावावे लागतात. हाच मोनो आवाज काही प्रकाशक डाव्या-उजव्या अशा दोन चॅनेलमध्ये भरतात. दोन्ही चॅनेल हुबेहूब सारखे असल्याने त्यांच्यातला फरक शून्य येतो. चांगल्या पद्धतीला हे कळतं आणि दुसऱ्या चॅनेलसाठी ती जवळजवळ काहीच खर्च करत नाही.

ज्याला हे सगळं स्वतः पडताळून पाहायचं असेल, त्याला फ्लॅकसारखं दुसरं साधन नाही, आणि ते फुकट आहे. २००१ पासून उपलब्ध असलेल्या या पद्धतीत दाबण्याच्या ० ते ८ अशा पातळ्या आहेत. एकच गाणं शून्यावर आणि आठवर दाबून पाहावं. आठची फाइल लहान होते, तिचा सरासरी बिटरेट, म्हणजे सेकंदाला लागणारे बिट, कमी दिसतो, कारण अंदाज बांधायला संगणकाने जास्त मेहनत घेतलेली असते. पण प्रत्येक फाइलमध्ये मूळ आवाजाचा एक अंकी ठसा साठवलेला असतो आणि तो दोन्हींत अक्षरशः एकच निघतो. बिटरेट वेगळे, आवाज तोच.

स्ट्रीमिंगवरही आकडा हलतो, पण तिथलं हलणं निराळं आहे आणि या दोहोंची सरमिसळ होता कामा नये. नेटफ्लिक्सवरचा अॅटमॉस आवाज जास्तीत जास्त ७६८ किलोबिटांचा असतो, ५.१ चा ६४० पर्यंत. हा आवाज गाळूनच दाबलेला असतो. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या दुसऱ्या पर्वाची सुरुवात कारच्या पाठलागाने होते. ती घरगुती मांडणीत ऐकून पाहताना आवाजाला हवी तेवढी धार नाही, असं निर्मात्यांच्या आणि अभियंत्यांच्या लक्षात आलं. त्यावर काम होऊन २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने आवाजाचा दर वाढवला आणि इंटरनेटचा वेग पाहून तो बदलत राहील अशी व्यवस्था केली. इथे आकडा घसरला तर आवाजातून खरोखर काहीतरी जातं, कारण घसरण्याचं कारण कथेतली शांतता नसून घरातलं वायफाय असतं.

घरी लॉसलेस आवाज मिळतो की नाही हे पाहायचं, तर नजर बिटरेटवरून काढून जोडणीकडे वळवावी. प्लेअर थेट रिसीव्हरला एचडीएमआयने जोडला असेल तर बहुधा अडचण येत नाही. गोंधळ होतो तो प्लेअर टीव्हीला आणि टीव्हीतून साउंडबारला वायर नेली की. टीव्हीतून आवाज बाहेर नेणाऱ्या जुन्या एआरसी जोडणीतून ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी पुढे जात नाही. त्यासाठी टीव्ही आणि साउंडबार दोन्हींवर तिची सुधारित आवृत्ती, ईएआरसी, लागते. ऑप्टिकल केबलची क्षमताही दोन चॅनेलच्या कच्च्या आवाजाएवढीच असल्याने तिच्यातून फार तर डीटीएसचा दीड मेगाबिटांचा गाभा किंवा डॉल्बीचा ६४० चा जोडट्रॅक मिळतो. आवाज तरीही येतो, सगळे स्पीकर वाजतात आणि त्यामुळे महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. रिसीव्हरच्या काचेवर नुसतं डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस उमटलं, तर वाटेत कुठेतरी गळती झालेली आहे. ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडीचं पूर्ण नाव दिसायला हवं. तिथे मल्टिचॅनेल पीसीएम दिसलं तर प्लेअरने स्वतःच उलगडून कच्चा आवाज पाठवलेला असतो आणि तोही लॉसलेसच. फक्त तशा वेळी अॅटमॉसची उंचीची माहिती सुटून जाऊ शकते, म्हणून छताला स्पीकर लावलेल्यांनी प्लेअरच्या सेटिंगमध्ये बिटस्ट्रीम निवडावं. तबकडीवरच्या मुख्य आवाजात भाष्य मिसळून ऐकवण्याचा पर्याय काही प्लेअरवर आपोआप चालू असतो. तो चालू राहिला तरी ट्रूएचडीची जागा साधा डॉल्बी घेतो, तेव्हा तोही एकदा तपासून बंद करावा.